खंडेनवमीला फिरवलेलं मशीन

उत्तमनगर, सिडको, नाशिक
२१ जुलै २००२

छाया,

नावाच्या आधी काही लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही, लिहावंसं वाटलं नाही म्हणून.

तुझं पत्र मिळालं. वर्ष उलटून गेल्यावर तुला माझा पत्ता आठवला, हेही नसे थोडके. गेल्या वर्षी एके सकाळी मी कामावर आले तेव्हा शेजारचं स्टूल रिकामं होतं. मला वाटलं, आजारी असशील. जेवणाच्या सुट्टीत साळूबाईने सांगितलं की छायाने राजीनामा दिला, येवल्याला सासरी गेली, आता तिकडेच राहणार. इतकी वर्षं कोपराला कोपर लावून आपण कॉइल गुंडाळल्या, तुझ्या डब्यातली भाजी माझ्या पोळीवर यायची, आणि तू जाणार हे मला साळूबाईच्या तोंडून कळावं! साळूबाईच्या तोंडून तर मला पावसाची बातमीही नको असते.

आता लिहितेस की तुमच्याकडे पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायला हात कमी पडतात, मालक बायांना नीट वागवतो, दसऱ्याच्या मुहूर्तावर नवीन माणूस घ्यायचंय, तू ये. अगं, मी कंपनीतली परमनंट बाई. मला गणवेश आहे, कँटीन आहे, ओळखपत्र आहे. ते सोडून मी पत्र्याच्या शेडमध्ये बसून काजळलेल्या तारा उपसत बसू? आणि पायल यंदा दहावीला आहे. तिचे बाबा गेल्यापासून हे घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं, हे तुला सांगायला नको. चालू नोकरीवरून उठायला मला वेड लागलेलं नाही.

कंपनीचं काय चाललंय, असं विचारलंस. कंपनी ठणठणीत आहे. ओव्हरटाइम बंद झालाय, पण त्यामुळे मी संध्याकाळी उजेडात घरी पोचते. कँटीनमध्ये चहात साखर बेताची असते, ती तब्येतीला चांगलीच. तांब्याची तार पूर्वी गाडीभर यायची, आता लागेल तशी येते. सरोदे साहेब म्हणाले की परदेशातही आता असंच करतात, माल साठवून ठेवत नाहीत. प्रॉडक्शन मॅनेजर आहेत, त्यांना कळत असेल.

उत्तर दिलं नाही असं म्हणू नयेस, म्हणून हे उत्तर.

मंजुषा


१८ ऑगस्ट २००२

छाया,

तुझं पत्र वाचून आधी राग आला आणि मग हसू आलं. 'तार लागेल तशी येते म्हणजे उधारीवर कुणी देत नाही' हे तू येवल्यात बसून मला सांगतेस. मी ते कळत नसल्यासारखं लिहिलं होतं, एवढंच.

बरं, खरं लिहिते. सगळ्या खात्यात कुजबुज आहे. रोज सकाळी नवी बातमी. सोमवारी कंपनी विकली जाते, मंगळवारी परदेशी माणूस पैसा घालणार असतो, बुधवारी सगळं झूट असतं. मला या कुजबुजीचा वीट आलाय. कुणी कुणाकडे सरळ बघत नाही. शिफ्ट सुटली की बायका पदर सावरत अशा पांगतात, जणू एकमेकींना ओळखतच नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्रिमूर्ती चौकात झेरॉक्स काढायला गेले. दाखल्याची आणि अनुभवाच्या सर्टिफिकेटची. (गप्प बस. नुसती काढून ठेवावी म्हणून. कुठे पाठवणार नव्हते.) दुकानात रांग होती. पुढे बघते तर आपलं अर्धं वाइंडिंग खातं! प्रत्येकीच्या हातात कागद पालथे धरलेले. मी म्हटलं, "काय गं, काय काढताय?" एक म्हणाली रेशनकार्ड. दुसरी म्हणाली रेशनकार्ड. साळूबाई म्हणाली, "माझंबी रेशनकार्डच हाय बाई." इतक्यात दुकानदाराने तिचा कागद मशीनखालून काढला आणि मोठ्याने विचारलं, "मावशी, बायोडाटाच्या किती काढू?" साळूबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो लिहून दिला होता. मग मीही म्हटलं की रेशनकार्ड. आपण सगळ्याजणी किती लबाड झालोय! एकाच तव्यावरच्या पोळ्या खाल्लेल्या बाया, आणि एकमेकींपासून कागद लपवतोय. मला माझीसुद्धा किळस आली.

लपवायचं कारणही ऐक. सरोदे साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून सांगितलं, "ज्यांना बाहेर बघायचंय त्यांनी खुशाल बघावं. मला कळतं कोण बघतं ते. जे थांबतील ती माझी माणसं." हे ते हसत बोलतात. ते हसले की दात दिसतात, डोळे तसेच राहतात. त्या दिवसापासून नोकरी शोधणं म्हणजे चोरी करण्यासारखं झालंय. आणि मला मेलीला 'माझी माणसं' ऐकून बरं वाटलं. बाहेरच्या जगात 'माझी' म्हणायला कोण बसलंय?

आई म्हणते, "लय इचार करू नको. नोकरी हाय तवर हाय म्हन, आन् तवरच दुसरी बघ." तिचं गणित सोपं असतं. माझं नाही. शोधायला निघाले आणि साहेबांना कळलं, तर आहे ती जाईल. नाही शोधली आणि कंपनी बुडाली, तर मार्चमध्ये पायलच्या परीक्षेला मी घरात हातावर हात ठेवून बसलेली असेन. म्हणून झेरॉक्स काढल्या आणि गादीखाली ठेवल्या. याला निर्णय म्हणत असतील तर मी निर्णय घेतलाय.

तू का सांगितलं नाहीस, ते अजून लिहिलं नाहीस.

मंजुषा


२२ सप्टेंबर २००२

छाया,

तुझं कारण वाचलं. 'तुला सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस, आणि मी थांबले असते.' खरं आहे. थांबवलंच असतं. तरी राग गेलेला नाही, थोडा कमी झालाय. म्हणून या वेळी आंतरदेशीय न लिहिता पाकीट पाठवतेय.

आता माझं ऐक. कंपनीचे दिवस फिरले! सरोदे साहेबांनी रंग आणलाय. हिरवा, तोच तो मशीनचा हिरवा, डबेच्या डबे. खंडेनवमीपर्यंत सगळं खातं नव्यासारखं दिसलं पाहिजे म्हणाले. इतक्या वर्षांत कधी रंगाचा थेंब दिला होता का यांनी? पूजेच्या आदल्या दिवशी आपणच चिंध्या आणि रॉकेल घेऊन पुसायचो. बंद पडणारी कंपनी कशाला रंग लावेल, तूच सांग. पूजेला मोठे पाहुणे येणार आहेत. मोठी ऑर्डर असणार.

बाया खूष आहेत. साळूबाईने झेरॉक्सच्या दुकानाचं नावही काढलेलं नाही. सगळ्याजणी कमरेला पदर खोचून मशीनं घासतोय. मी माझं मशीन तर घासलंच, तुझंही घासलं. तुझ्या पायपट्टीवर तू खिळ्याने कोरलेलं फूल होतं. त्यावर रंग लावला नाही, तेवढी जागा सोडली.

साहेबांनी मला वेगळं बोलावून सांगितलं, "मंजुषाबाई, तुमचं मशीन सगळ्यात नीट चालतं. पाहुण्यांना तेच दाखवू. त्या दिवशी रजा टाकू नका." तेव्हा तुमच्या मालकांना सांग, दसऱ्याला मी येत नाही. त्यांच्या मुहूर्ताची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. रागावू नकोस. तुझ्या पत्र्याच्या शेडला मी नाव ठेवत नाही, पण इथे मला कुणी 'सगळ्यात नीट' म्हणतंय. तुला माहितीय, असं मला फार लोक म्हणालेले नाहीत.

गादीखालच्या झेरॉक्सा तशाच आहेत. त्यांची आता गरज नाही.

तुझी मंजुषा


१४ ऑक्टोबर २००२, खंडेनवमी

छाये,

आज मी काय केलं ते ऐक!

खात्यात झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, रांगोळी. हिरवीगार मशीनं अशी उभी होती की नजर ठरत नव्हती. साळूबाईने नारळ फोडला. मी नेहमीसारखी भिंतीला टेकून उभी होते. पूजा तुमची, मशीन माझं, हे आपलं ठरलेलंच. तू असायचीस तेव्हा माझ्या मशीनवरही एक झेंडू ठेवायचीस आणि म्हणायचीस, "तुला नको असेल, मशीनला हवा असेल." आज कुणी ठेवला नाही. तो मला आठवला.

मग पाहुणे आले. तिघे. त्यातला एक जाडसर, पांढऱ्या बुटांचा, प्रत्येक मशीनच्या खाली वाकून बघत होता. साहेब म्हणाले, जरा चालवून दाखवा. आणि सगळ्या बाया एक पाऊल मागे. पूजा झालेलं मशीन त्या दिवशी कोण फिरवणार? हत्यारांना एक दिवस विश्रांती. साळूबाई म्हणाली, "साहेब, आज नाय. उद्या सोनं वाटल्यावर म्हनाल तितकं चालवू." साहेबांचं तोंड उतरलं. पाहुण्याने घड्याळ बघितलं. मला वाटलं, गेली ऑर्डर. एका दिवसाच्या नेमापायी सगळ्यांची भाकरी जाते की काय!

मी पुढे झाले. म्हटलं, "मी चालवते साहेब, मला काही बंधन नाही." साहेबांनी सगळ्याच मशीनांना घालायला लावलेली माळ बाजूला केली आणि बसले. अशी कॉइल काढली छाया, तार एकदाही हलली नाही, थरावर थर रेशमासारखा. पांढऱ्या बुटांच्या पाहुण्याने विचारलं, "बिघडतं का हे?" मी म्हटलं, "कधीच नाही साहेब. मी बसते तेव्हापासून एकदाही नाही. तुम्ही बिनधास्त द्या." मी ऑर्डरबद्दल म्हणत होते. त्याने बाकीची विचारली, मी उठून तीही चालवून दाखवली. तुझंही. त्याच्याबद्दलही चांगलंच सांगितलं, मागचा पट्टा नवा आहे वगैरे. तो खूष होऊन सरोदे साहेबांना म्हणाला, "मशीनबरोबर ही बाई पण देता का?" सगळे हसले. साहेब म्हणाले, "घेऊन जा." मीही हसले.

जाताना साहेबांनी सगळ्यांदेखत मला पेढ्यांचा पुडा दिला. साळूबाईने तोंड वाकडं केलं. करू दे.

उद्या पायलला घेऊन त्रिरश्मी लेण्यांवर जाणार आहे, बुद्धवंदनेला. पांढरी साडी इस्त्री करून ठेवलीय. यंदा काही मागायचं नाही, असं वाटतंय.

तुझीच,
मंजू


९ नोव्हेंबर २००२

छाया,

दिवाळीची सुट्टी संपली. आज कामावर गेले.

शेडमध्ये मशीनं नाहीत. एकही नाही. जिथे जिथे ती उभी होती तिथे फरशीवर तेलाचे चौकोन आहेत, आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेला सांडलेल्या हिरव्या रंगाची रेघ आहे. रंग आपण लावला ना, आपल्या हातांनी! माझ्या जागेजवळ सुकलेल्या झेंडूचा तुकडा पडला होता. गेटवर कागद लावलाय, कंपनी पुढील सूचनेपर्यंत बंद. वॉचमन म्हणाला, "भाऊबीजेला गाड्या आल्या होत्या, ताई. सगळे गावाला गेल्यावर."

तुला आधीच कळलं असेल. माझं खंडेनवमीचं पत्र वाचूनच कळलं असेल. म्हणूनच त्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. तो पांढऱ्या बुटांचा माणूस ऑर्डर द्यायला आला नव्हता. मशीनं विकत घ्यायला आला होता. आणि ती त्याला मी विकली. चालवून दाखवली. बिघडत नाही म्हणाले. पट्टा नवा आहे म्हणाले! माझ्याच ताटातलं मी वाढून दिलं, वर तूप सोडलं, आणि पेढे खाल्ले. ते पेढे पायलनेही खाल्ले, आईनेही.

एवढ्यावर संपलं असतं तर सोसलं असतं. गेटवर सगळ्याजणी जमल्या होत्या. मला वाटलं, आता मिळून रडू, मिळून शिव्या देऊ. साळूबाई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिनं केलं. मशीन बंद ठेवायच्या दिशी फिरवलं. हिला काय, हिला ना देव ना धर्म. मंग लक्ष्मी ऱ्हाईल व्हय?" आणि छाया, एकीनेही तिला गप्प केलं नाही. माना खाली. जिच्या बाळंतपणात मी डबा पोचवला तीही. एक तर हळूच माझ्यापासून बाजूला सरकली. ते सरकणं मी लहानपणी गावात बघितलं होतं. कंपनीच्या गेटवर बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "साळूबाई, मशीन विकायचं त्यांनी रंग आणला तेव्हाच ठरलं होतं. तू घासलंस, मीही घासलं. आणि मला धर्म आहे. त्या धर्मात माणसावर असा आळ घेत नाहीत." आवाज चढला माझा. मग मी चालत घरी आले, कारण रिक्षात त्यांच्यातली कुणी शेजारी बसली असती.

शिसारी आलीय मला. सरोद्यांची तर येतेच, पण ते सोपं आहे. त्यांनी त्यांचं काम केलं. या बायांची येते. आणि तिसरी माझी, की मला 'सगळ्यात नीट' एवढे दोन शब्द पुरले.

दुपारी सरोद्यांचा शिपाई घरी निरोप घेऊन आला होता. तो पाहुणा सिल्वासाला शेड टाकतोय. तिकडच्या मुलींना शिकवायला दोन महिने या, राहायची सोय आहे, 'तुमच्या बायोडाटालाही बरं'. म्हणजे बाई खरंच मशीनबरोबर द्यायची होती. तेव्हा हसले होते मी. दोन महिन्यांनी मुली शिकल्या की मला पुढच्या गाडीत घालून परत पाठवतील. मी शिपायाला म्हटलं, "साहेबांना सांगा, बाई विकायची राहिली." तो घाबरून पळाला. आई दारातून ओरडली, "आन् रंगाचे डबे ऱ्हायलेत का इचार, तुमच्या साहेबाच्या तोंडाला लावू." तेवढंच हसलो.

आता विचारते ते सरळ विचारते. तुमच्या दुकानातली जागा गेली असेल. मीच घालवली. गेली असेल तर तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस, खोट्याने माझं पोट भरलंय. गादीखालच्या झेरॉक्सा काढल्यात. एक संच तुला पाठवतेय, एक सातपूरला, एक आपल्या कंपनीजवळच, अंबडमध्ये दुसऱ्या गल्लीत. पायलला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू ऑगस्टमध्येच का नाही पाठवलंस?" काय सांगू तिला? तिथे मला माझी माणसं आहेत असं वाटत होतं, म्हणून?

मंजुषा


२४ नोव्हेंबर २००२

प्रिय छाया,

तुझं कार्ड मिळालं. 'स्टूल रिकामं आहे, ये.' एवढंच लिहिलंस. दसऱ्याला घेतलेला माणूस वार्निशच्या वासाने पळाला की तूच त्याला पळवलंस, ते तिथे आल्यावर विचारीन.

येतेय. सातपूरचं उत्तर नाही. अंबडमध्ये विचारलं, लग्न झालंय का, मूल आहे का, पूर्वीच्या साहेबांचं पत्र आणाल का. सरोद्यांचं पत्र मी आणणार नाही. त्यापेक्षा जळक्या तारा बऱ्या, त्या जळल्यात हे दिसतं तरी.

पायल मार्चपर्यंत इथेच, आईजवळ. शनिवारी रात्री मी यायचं, सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने परत जायचं, असं ठरलंय. मला ते मुळीच आवडलेलं नाही, पायललाही नाही. पण ती म्हणाली, "तिथे कुणी तुझ्यापासून सरकणार नाही ना? मग जा." गेटवरचं तिला कळलंय. मी सांगितलं नव्हतं.

मालकांना माझ्याबद्दल सगळं आधीच सांग. मी कोण, कुठली, वंदना कुठली म्हणते. नंतर कळून त्यांचा चेहरा बदललेला मला बघायचा नाही. आणि एक अट सांग. कांद्याला पाणी द्यायच्या दिवसांत मोटरी ढिगाने जळून येतात म्हणालीस, तेव्हा रविवार सोडून म्हणाल तितकं बसेन. पण पुढच्या खंडेनवमीला तुमची पूजा झाल्यावर मी मशीनला हात लावणार नाही. कुणी पाहुणा येवो, कुणी साहेब म्हणो. तुझ्या देवासाठी नाही, गैरसमज नको. त्या दिवशी इतक्या जणींत एकट्या माझ्याच हातांना 'नाही' म्हणता आलं नाही, म्हणून.

तू हवं तर मशीनवर झेंडू ठेव. मी काढणार नाही.

पुढच्या सोमवारी, पहिल्या गाडीने,
मंजू